गार्ड्समन

भारतीय पायदळातील ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’ या रेजिमेंटमधला सर्वांत खालचा हुद्दा. इतरत्र ज्याला शिपाई, ग्रेनेडियर किंवा रायफलमन म्हणतात, तोच हा. रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ, कन्हानकाठच्या कामठी छावणीत आहे. छावणी १८२१ सालची, इंग्रजांनी वसवलेली. नागपूरकर कामठीला जातो तो बहुधा ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर बघायला. छावणीशी त्याचा संबंध फारसा येत नाही.

पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या रेजिमेंटांच्या जुन्या पलटणींतून १९४९ मध्ये गार्ड्सची उभारणी झाली. मराठा, शीख, डोग्रा अशी समाजवार भरती पायदळात रुळलेली असताना इथे सर्व प्रांतांचे, सर्व जातिधर्मांचे जवान एका बराकीत आले. बिल्ल्यावर गरुड आणि युद्धघोषही त्याचाच: ‘गरुड का हूँ बोल प्यारे’.

२०२२ पासून भरती ‘अग्निवीर’ म्हणून, चार वर्षांसाठी होते. रंगरुटाचे प्रशिक्षण संपते कसम परेडने. जमीन, पाणी वा आकाशमार्गे जिथे पाठवतील तिथे जाईन, जिवाला धोका असला तरी हुकूम पाळेन, असा त्या शपथेचा आशय. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा ती छाती काढून म्हणतो. मैदानाच्या कडेला बसलेल्या आईला मात्र त्यातले जिवाचे तेवढे नेमके ऐकू येते.

त्या शब्दांचा अर्थ लान्स नायक अल्बर्ट एक्का यांच्या मरणात दिसतो. त्यांची घडण कामठीची नव्हे. जन्म २७ डिसेंबर १९४२ चा, आजच्या झारखंडमधील गुमला जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबातला. १९६२ मध्ये ते बिहार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि १९६८ मध्ये १४ गार्ड्स ही पलटण उभी राहिली तेव्हा तिच्यात आले. डिसेंबर १९७१ च्या आरंभी, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, आगरतळ्याच्या पश्चिमेला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील गंगासागरवर पलटणीने हल्ला चढवला. एका बंकरमधली लाइट मशीनगन सोबत्यांना टिपत होती. एक्का यांनी आत घुसून दोघांना संगिनीने मारले. स्वतः जबर जखमी होऊनही ते दीड मैल एकेक बंकर साफ करत पुढे गेले. मग एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून मिडियम मशीनगन सुरू झाली. त्यांनी सरपटत जाऊन हातबाँब टाकला, तरी ती थांबेना. तेव्हा बाजूची भिंत चढून ते आत शिरले आणि संगिनीनेच ती बंद पाडली. त्याच जखमांनी ते गेले. एकोणतिसावे वर्ष पुरे व्हायला महिनाही उरला नव्हता. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या युद्धात पूर्व आघाडीवरचे ते एकमेव.

अशा मृत्यूला मराठी वर्तमानपत्रे ‘वीरमरण’ म्हणतात. लष्करी कागदावर नोंद होते ती ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी. तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव गावी पाठवण्याची रीत सर्रास झाली ती १९९९ च्या कारगिल युद्धापासून. त्याआधी जवानांचे अंत्यसंस्कार बहुतेकदा आघाडीजवळच उरकत आणि घरी पोचायची ती तार.