जवारी गेलीय का तंबोरा गेलाय?

गेल्या महिन्यात परत तेच झालं. ओळखीतल्या एकाने मिरजेच्या एका दिवंगत कारागिराचा तंबोरा घेतला, बरीच वर्षं शोधत होता, आणि मला फोनवर ऐकवून म्हणाला बघ, काय हात होता, पन्नास वर्षांनंतरही काय आवाज आहे. आवाज खरंच सुंदर होता. फक्त तो आवाज तीन आठवड्यांपूर्वी विकणाऱ्याने जवारी लावून घेतली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून घेतली, तेव्हा तयार झालेला. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एकीने तितक्याच जुन्या, माझ्या मते जास्त चांगल्या तंबोऱ्याला नाही म्हटलं, का तर आवाज मेलाय. मेला वगैरे काही नव्हता, जवारी गेली होती. दोघांचा गोंधळ एकच आहे, जवारीचा आवाज तंबोऱ्याचा समजायचा, आणि तो मी इतक्या वेळा बघितलाय की आता सविस्तर लिहितेच.

जवारी म्हणजे काय हे गाणाऱ्यांना सांगायला नको. घोडीचा रुंद माथा, त्याला दिलेला अगदी बारीक उतार, तार त्याला घासत कंप पावते, खाली सुताचा दोरा, तो सरकवून आवाज खुलवायचा. एवढं पुरे. यातलं एकच नीट लक्षात ठेवा, तो झंकार घोडीतून येतो, भोपळ्यातून नाही. तार बरोबर मधोमध छेडली तर ज्या स्वरांशांचा (मूळ स्वरात मिसळलेल्या वरच्या स्वरांचा) स्थिर बिंदू मध्यावर पडतो ते निघायलाच नकोत, पण तंबोऱ्यात ते स्वच्छ ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलंय आणि त्याचं श्रेय घोडीच्या या रचनेला दिलंय. शंभर वर्षं झाली, तरी आपण अजून "जुन्या लाकडाचा झंकार" म्हणतोय.

लोक लेबल बघून कारागीर ठरवतात, तो मुद्दा पटकन उरकते. आत चिकटवलेलं नाव दुकानाचं किंवा घराण्याचं असतं. मिरजेत हे काम १९व्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालं, मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, आणि त्यांच्यामागे घरंच्या घरं सतारमेकर झाली. एका नावाखाली चार हात काम करत असतात. त्यामुळे लेबल बघून हात ठरवू नका, घरातल्या कुणाला तरी विचारा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं, पण ते गावाचं नाव राखतं, कुणा एकाचा हात ओळखून देत नाही. लेडीज-जेंट्सचा, म्हणजे उंच आणि खालच्या पट्टीच्या तंबोऱ्यांचा, फरक तर साधा आहे, तुमची पट्टी कुठली ते बघा आणि तसा घ्या.

आता मुख्य गोष्ट. जवारी झिजते. तार रोज त्याच जागी घासली की माथ्यावर बारीक चरे पडतात, आवाज आधी किरकिरा होतो मग बंद होतो, आणि मग कुणीतरी कानस, पॉलिश पेपर घेऊन तो माथा परत घासून देतो. म्हणजे प्रत्येक वेळी आधीच्या माणसाचं काम पुसलं जातं. जो तंबोरा रियाजात होता, मैफलीत होता, त्याच्यावर मूळ कारागिराची जवारी आज राहणंच शक्य नाही, ती पहिल्या दुरुस्तीतच गेली. तुम्ही ज्या आवाजावर भाळता तो शेवटच्या जवारीवाल्याचा. तो माणूस जिवंत आहे, त्याचा नंबर घ्या, तुमच्या घरच्या साध्या तंबोऱ्यालाही तो तेवढाच झंकार आणून देईल.

मग गेलेल्या माणसाचं काय उरतं? भोपळा कुठला निवडला ते. पंढरपूर-सोलापूरकडे भीमेच्या काठाने पिकतात हे भोपळे, कडू, जाड सालीचे, आणि ढिगातून एक उचलायचा, टिचकी मारून बघायचा, ही नजर त्या माणसाबरोबर गेली. दांडी आतून किती पोकळ केली ते. भोपळा आणि दांडीचा सांधा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तबली. भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली तुणीच्या लाकडाची ती पातळ पाटी कुठे किती जाड ठेवली, तिला कमान किती दिली, हे एकदाच ठरतं आणि परत कुणी ते करत नाही. यातून जे येतं त्याला मी घुमारा म्हणते, झंकाराच्या खालचा तो भरीव आवाज, आणि तारेची आस, म्हणजे छेडल्यावर स्वर किती वेळ उभा राहतो ते. झंकार उद्या आणता येतो, घुमारा कुणालाही आणून देता येत नाही.

म्हणून बघायला जाल तेव्हा आधी झंकार बाजूला काढा. तळव्याने चारही तारा दाबून धरा आणि घोडीजवळ तबलीवर बोटाच्या पेराने हलकं ठोका. कोरडं टक्‌ आलं तर सावध व्हा, आतून धुम्‌ असं उत्तर आलं तर बसा आणि पुढे बघा. मग तंबोरा मांडीवर घेऊन दांडीला कान लावा आणि स्वतःचा सा लावा, थोडा वर-खाली सरकवत. चांगला तंबोरा एका जागी अंगभर थरथरतो, हाताला कळतं. दांडीवरून एक डोळा मिटून बघा, बाक आहे का. भोपळ्यावरून टॉर्च फिरवा, तडे सांधलेत का. आणि हे सगळं झाल्यावरच सूत सरकवून बघा: कुठल्यातरी एका जागी आवाज जरासाही उघडत असेल तर जवारीत अजून जीव आहे, कुठेच उघडत नसेल तर ती गेलीय, ठीक आहे, लावून घेऊ. फोनवरच्या रेकॉर्डिंगवर तंबोरा घेणाऱ्यांना मी हात जोडते, फोनला फक्त झंकार ऐकू येतो.

एक जागा मात्र खरंच फसवी आहे, तिथे अनुभवी लोकही चुकतात. जवारी लावली, महिन्याभरात परत गेली, परत लावली, परत गेली. आपण जवारीवाल्याला बोल लावतो. पण कितीतरी वेळा तबली खाली बसलेली असते, वर्षानुवर्षं ताणाखाली राहून घोडीच्या पायाशी खोलगट झालेली, आणि घोडी त्यामुळे कलते, कोन बदलतो. म्हणजे दिसायला दुखणं जवारीचं, पण आहे तंबोऱ्याचं. फूटपट्टी तबलीवर आडवी धरा, कमान उलटी झालेली लगेच दिसते.

उलटं पण होतं आणि ते मला जास्त लागतं. माझ्या मावशीचा तंबोरा, मिरजेचाच, तिने एका दुकानात नेला, आवाज येत नाही म्हणून. त्यांनी तबलीच बदलून दिली, वर चकचकीत पॉलिश. तबलीला काहीही झालेलं नव्हतं, घोडीवर चरे होते, अर्ध्या दिवसाचं काम. नव्या तबलीचा तंबोरा वाजतो, सुरात लागतो, पण तो आता दुसऱ्या कुणाचा तरी तंबोरा आहे, फक्त भोपळा जुना. म्हणून माझं ठाम मत: तबली उघडायची भाषा कुणी केली की तंबोरा उचला आणि घरी या, दुसऱ्या हाताला दाखवा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायचे आणि तंबोरे स्वतः दुरुस्त करायचे, जवारी स्वतः लावायचे असं सांगतात. गाणाऱ्याने निदान काय बिघडलंय एवढं तरी ओळखायला शिकावं.

जुनी घोडी फार घासून पातळ झाली की नवी बसवावी लागते, त्याला माझी हरकत नाही, शिसवी चालेल, आजच्या नायलॉनसारख्या मटेरियलची पण चालेल. जुनी हस्तिदंताची असली तर ती सुटी विकायचा विचारही करू नका, हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे. ती फेकू पण नका. मावशीच्या तंबोऱ्याची जुनी लाकडी घोडी मी दुकानातून मागून आणली, त्यांनी टाकायच्या डब्यात ठेवली होती. गवसणीच्या आतल्या खिशात सुती फडक्यात बांधून ठेवलीय. जुनी तबली मागितली तेव्हा ती आधीच जळणात गेली होती.