दूध तिसऱ्या दिवशी उतरतं, मग तोवर बाळाला काय?

बाळंतिणीच्या खाटेभोवती पहिल्या दोन दिवसांत एकच वाक्य सारखं कानावर येतं: "दूधच उतरलं नाही अजून." नाशिकचं सिव्हिल असो नाहीतर गंगापूर रोडवरची एसी रूम, वाक्य तेच. ते म्हणणाऱ्या सासूबाई खोटं बोलत नसतात. दूध भरून यायला खरोखरच दोन-तीन दिवस लागतात आणि सिझर झालं असेल तर कधीकधी थोडे जास्तच. वाद आहे तो त्या मधल्या दिवसांत बाळाच्या तोंडात काय घालायचं याचा. आई म्हणते मध, काकू म्हणतात साखरपाणी, शेजारच्या खाटेवरची म्हणते पावडर, सिस्टर म्हणतात काहीच नको, नुसतं अंगावर घ्या. हे सगळे सल्ले एकाच खोलीत ऐकू येत असले, तरी त्यांची वयं वेगवेगळी आहेत. त्यातला एक तर दीड-दोन हजार वर्षांचा असेल.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलंय की बाळंतपणानंतर तीन किंवा चार रात्रींनी स्त्रीला दूध सुटतं. निरीक्षण चोख आहे. त्यावरचा उपाय मात्र असा की तोवर बाळाला औषधी घातलेलं मध-तूप चाटवावं आणि मग चौथ्या दिवशी अंगावर घ्यावं. चरकसंहितेतही मध-तुपाचं चाटण आहे, पण त्याच्या पाठोपाठ बाळाला उजव्या बाजूला पाजायला घ्यायला सांगितलंय, तीन दिवस थांबायला नाही. तेव्हा 'आपल्या शास्त्रातच आहे' म्हणून अडून बसणाऱ्यांना शास्त्रातलंच दुसरं मत दाखवता येतं. घराघरांत रुजलं ते मात्र थांबण्याचं.

मग त्या थांबण्याभोवती सगळा संसार उभा राहिला. मधाचं बोट, सोन्याचा वेढा, गुळाचं पाणी, कापसाच्या वातीने पिळलेलं शेळीचं दूध. बोंडलं तर जुन्या घरांतून अजूनही निघतं: छोटी वाटी, तिला एका बाजूने काढलेली चोच, पितळेची किंवा चांदीची. चोच बाळाच्या गालाच्या आत टेकवायची आणि वाटी हळूच कलती करायची. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, बाळहिरडा, जायफळ, खारीक यांचे मोजून वेढे घ्यायचे, ती गुटीही याच बोंडल्यातून जायची. आणि ज्या दिवसांत हे सगळं चालायचं, त्याच दिवसांत आईचं घट्ट पिवळसर दूध 'जड असतं, बाधतं' म्हणून पिळून टाकलं जायचं. गाय व्याली की चिकाची वाट बघून वेलदोडे-गूळ घालून खरवस करणाऱ्या घरांनी आईचा चीक मात्र मोरीत ओतावा, याचं मला कायम नवल वाटत आलंय.

हा चीक थोडाच असतो, आणि तेवढाच लागतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला फार तर दोन ते दहा मिलिलिटर पितं, म्हणजे एक-दोन चहाचे चमचे. रोगांशी झुंजणारी द्रव्यं त्यात ठासून भरलेली असतात. तो पोटाला सारकही असतो, त्यामुळे बाळाची पहिली काळी शी लवकर बाहेर पडते. म्हणजे 'दूध उतरलं नाही' असं आपण ज्या दिवसांना म्हणतो, त्या दिवसांतही दूध असतंच. भांडं भरेल एवढं नसतं, इतकंच. मधाचं म्हणाल, तर त्यात कधीकधी एका जिवाणूचे बीजाणू असतात. ते लहान बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात, हे १९७६ साली कॅलिफोर्नियात लक्षात आलं. म्हणून वर्षाच्या आत मध नाही, बोटाच्या टोकावरचाही नाही.

जुन्या रीतीत सगळंच टाकाऊ होतं असं मुळीच नाही. सव्वा महिना बाळंतीण घरात, बाळ तिच्याच कुशीत, आणि पाजताना शेजारी कुणीतरी अनुभवी बाई: आई, मावशी, सुईण. "मान अशी धर गं, तोंड पूर्ण उघडू दे," हे सांगणारा हात तिथल्या तिथे होता. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी यांनी अंगात ताकद येते, मन प्रसन्न होतं. पण दूध वाढतं ते मुख्यतः बाळाच्या ओढण्याने. खाटेखालच्या शेगडीचा आणि ओवा-शेपाच्या धुरीचा धूर तेवढा बाळाच्या छातीला नको.

विसाव्या शतकाने आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे घड्याळ. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रूबी किंग यांनी १९०७ मध्ये तिथे बालसंगोपनाची संस्था काढली. बाळाला दर चार तासांनीच पाजावं, रात्री पाजू नये, ही शिस्त त्यांनी लावली आणि ती इंग्रजी जगभर पसरली. इंग्रजी वळणाच्या नर्सिंगमधून ती आपल्याकडेही झिरपली. "आत्ताच तर पाजलं, परत काय?" हे आजही आपण आजीच्या तोंडून ऐकतो; ते आजीचं नाही, घड्याळाचं आहे. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. रात्रीचं पाजणं तर चुकवूच नये, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं.

दुसरीकडे पावडरीचा डबाही आला. युरोपात नेस्लेचं बालान्न १८६७ पासून विकलं जात होतं. भारतात १९५०च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न बनवण्याची पद्धत बसवली आणि ते अमूलने बाजारात आणलं. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या दिवसांत ही अभिमानाचीच गोष्ट होती. डब्यावर गुटगुटीत बाळ, आणि घरोघरी तसंच बाळ व्हावं ही हौस.

नाशिक त्याच काळात बदलत होतं. ओझरला विमानाचा कारखाना आला, सातपूरला एमआयडीसी झाली, पाठोपाठ अंबड आणि सिडकोच्या वसाहती. गावाकडून आलेली तरुण जोडपी दोन खोल्यांत राहू लागली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दुसऱ्याला तो सांगणारा हात शेजारी असेलच असं नव्हतं. ती जागा हळूहळू डब्याने घेतली. अंगावर पाजणं मागे पडलं ते आईच्या अंगात दूध कमी होतं म्हणून नाही, सोबत कमी होती म्हणून, असं मला वाटतं.

'दूध पुरत नाही' हा फेरा कसा सुरू होतो तेही समजून घेण्यासारखं आहे. बाळाने जेवढं ओढलं तेवढं पुढचं दूध तयार होतं, आणि आत दूध साचून राहिलं तर शरीर उत्पादन कमी करतं. दुसऱ्या दिवशी बाळ रडलं म्हणून वरची बाटली दिली की पोट भरून बाळ चार तास झोपतं. तेवढ्या वेळात ते अंगावर ओढत नाही. दूध कमी येतं. मग खरंच पुरत नाही आणि दुसरी बाटली येते. पंधरा दिवसांनी सगळे म्हणतात, "बघा, हिला दूधच नव्हतं."

या फेऱ्याची किंमत जगभर मोजली गेली. डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापुरात आटवलेल्या गोड दुधाच्या जाहिरातींना थेट खुनाच्या जोडीला बसवलं. १९७०च्या दशकात गरीब देशांतल्या पावडरविक्रीवर गदारोळ उठला, १९७७ मध्ये नेस्लेवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने विक्रीची आचारसंहिता मंजूर केली: बाजूने ११८ मतं, विरोधात एकच, अमेरिकेचं.

महाराष्ट्र यात मागे नव्हता. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी, म्हणजे आईच्या दुधाची बँक, डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात सुरू केली. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारं देशव्यापी जाळं, बीपीएनआय, ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्थापन झालं. पुढच्याच वर्षी संसदेने बालदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि बालान्न यांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ च्या दुरुस्तीने आणखी कडक झाला. मेडिकलमध्ये डबा हातात घेऊन बघा: त्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो नसतो, आणि आईचं दूध सर्वोत्तम ही सूचना ठळक असते. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करणं, आईला फुकट नमुना देणं, दोन्ही बेकायदा आहे. घरी जाताना कुणी पिशवीत 'असू द्या, लागलं तर' म्हणून नमुन्याचा डबा सरकवला, तर हे लक्षात असू द्यावं.

'चार महिन्यांनी वरचं सुरू कर' असं सांगणाऱ्या वहिनींचाही इथे हिशोब लागतो. त्यांचं बाळंतपण १९९५ च्या आसपासचं असेल तर त्यांना खरोखरच तसं सांगितलेलं होतं. तेव्हाची शिफारस चार ते सहा महिन्यांची होती. जागतिक आरोग्य परिषदेने ती २००१ मध्ये पूर्ण सहा महिने केली. वहिनी चुकीचं सांगत नाहीत, जुनं सांगतात. सहा महिने म्हणजे पाणीसुद्धा नाही, एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हातही नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागेल, तेव्हा पाजावं. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि औषधं यात धरायची नाहीत, ती चालू ठेवायची.

कामावर जाणाऱ्या आईचा इतिहासही महाराष्ट्रातूनच जातो. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉक्टर आंबेडकरांनी प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू घेतली आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशभराचा कायदा १९६१ चा. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवडे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजायला दोन सुट्ट्या मिळतात, हे मात्र फार जणींना ठाऊक नसतं. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला येणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही. तिचं बाळ वेलीखालच्या झोळीत असतं आणि दोन ओळी झाल्या की ती पाजून येते. एका अर्थी तिचं बाळ शहरातल्या पाळणाघरातल्या बाळापेक्षा आईच्या जवळ असतं, पण तिच्या स्वतःच्या पोटात काय गेलंय हा प्रश्न उरतोच. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली, ती त्यासाठीच.

आता अलीकडचं चित्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशात ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र ४१.६ वरून ४१.८ टक्क्यांवर, म्हणजे जिथल्या तिथे. डॉक्टर, सिस्टर, वजनकाटा सगळं हाताशी असून पहिला तास का निसटतो? सिझर हे एक मोठं कारण असावं: खासगी दवाखान्यांत ते २०१९-२१ मध्ये ४७.४ टक्क्यांवर गेलं होतं. आई टेबलावर, बाळ काचेच्या पेटीत, आणि बाहेर नातेवाइकांची फोटोंची घाई. वास्तविक कमरेखालची भूल असेल तर आई शुद्धीवर असते. बाळाची तब्येत बरी असेल तर तिथेच ते तिच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवता येतं. हे बाळंतपणाच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावं, आणि बोलायचं काम नवऱ्याने घ्यावं. कळा देणाऱ्या बाईवर ते सोडू नये.

धरायचं कसं, ते थोडक्यात. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, मान वळलेली नाही. बाळाच्या वरच्या ओठाला निपल लावायचं, तोंड जांभई दिल्यासारखं उघडलं की बाळाला छातीकडे आणायचं; आईने पुढे वाकायचं नाही. नुसतं निपल नव्हे, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा, खालून जास्त. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून किंवा बाळाचे पाय काखेतून मागे घेऊन पाजता येतं. सुरुवातीला थोडं ओढल्यासारखं वाटेल, पण पाजताना सतत दुखत असेल तर पकड चुकलीये. बोट तोंडाच्या कडेने घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं.

पुरतंय की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये, लंगोटांवरून ठरवावं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी, आणि काळ्या शीची पिवळी झालेली. वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. बाळ सुस्त आहे, प्यायला उठतच नाही, पिवळेपणा वाढतोय, लघवी कमी आहे, तर वाट बघत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर. काही बाळांना, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या किंवा रक्तातली साखर उतरलेल्या बाळांना, डॉक्टर वरचं दूध सांगतात, आणि ते द्यावंच लागतं. तेव्हा वाटी-चमच्याने द्यावं, बाटलीने नको, आणि दर वेळी आधी अंगावर घ्यावं.

उरतो तो तिसरा दिवस. नॉर्मल बाळंतपण असेल तर साधारण याच सुमाराला घरी सोडतात, म्हणजे दूध भरून येतं तेव्हा सिस्टर जवळ नसते. छाती दगडासारखी होते, बाळाला धरता येत नाही, दोघंही रडतात, आणि बाटली बहुतेक वेळा याच रात्री घरात येते. तेव्हा कोमट ओल्या फडक्याने शेकून थोडं दूध हाताने काढायचं, काळा भाग मऊ झाला की बाळाला लावायचं, पाजून झाल्यावर गार पट्टी. ताप आला, एखादी गाठ लाल होऊन दुखू लागली तर डॉक्टरांकडे जायचं, पण पाजणं थांबवायचं नाही. आशा ताईंची दवाखान्यातल्या बाळंतपणानंतरची पहिली गृहभेट ठरलेली असते तीही तिसऱ्याच दिवसाची, त्यानंतर ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. डिस्चार्जच्या वेळी आपल्या भागातल्या आशा ताईंचा नंबर मागून घ्यावा, आणि त्या आल्या की बाळ झोपलेलं असलं तरी उठवून त्यांच्यासमोर एकदा पाजून दाखवावं.