संक्रमणी धातू : बेळगाव सीमाभागातील उद्योग आणि वापर

आवर्तसारणीच्या मधल्या पट्ट्यातील, म्हणजे गण ३ ते १२ मधील धातूंना संक्रमणी धातू म्हणतात. लोह, तांबे, निकेल, क्रोमियम, मँगॅनीज, टायटॅनियम, टंगस्टन, चांदी आणि सोने ही त्यांतली परिचित नावे. ‘संक्रामक मूलद्रव्ये’ असाही पर्याय आढळतो, पण त्याने साथीच्या रोगाची आठवण होते, म्हणून तो येथे टाळला आहे. या अणूंचे किंवा त्यांच्या आयनांचे डी उपकवच (इलेक्ट्रॉनांच्या कवचाचा एक भाग) अपुरे भरलेले असते. त्यामुळे एकच धातू निरनिराळ्या संयुजा दाखवतो, त्याची संयुगे बहुधा रंगीत असतात आणि तो उत्प्रेरक म्हणूनही उपयोगी पडतो. जस्ताचे डी उपकवच पूर्ण भरलेले असल्याने काटेकोर व्याख्येत जस्त बसत नाही. खानापूरकडच्या पावसात घरावरचा लोखंडी पत्रा गंजण्यापासून वाचवणारा मुलामा मात्र जस्ताचाच असतो.

बेळगावचा धातुउद्योगाशी संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये येथे सायकलींचे दुकान काढले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, या समजामुळे शेतकरी सुरुवातीला तो घेईनात. १९१० मध्ये किर्लोस्करांचा कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. पुढे उद्यमबाग आणि आसपासच्या वसाहतींत फाउंड्र्या व मशीनशॉप वाढले. पंप, व्हॉल्व्ह आणि वाहनांचे सुटे भाग येथे ओतले जातात.

फाउंड्रीत वजनाने जवळजवळ सगळे लोहच असते. बाकीचे संक्रमणी धातू पडतात ते फोडणीतल्या हिंगासारखे, पण कास्टिंगचा स्वभाव तेच ठरवतात. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. साध्या करड्या बिडात तो ग्राफाइटच्या पाकळ्यांच्या रूपात राहतो. त्यामुळे बीड कंपने शोषते आणि त्यावर यंत्रकाम सोपे जाते, पण हातातून पडलेला बिडाचा तवा फुटतो तोही या पाकळ्यांमुळेच. एसजी आयर्न या बिडाच्या चिवट प्रकारात मॅग्नेशियमच्या प्रक्रियेने याच पाकळ्यांच्या गोळ्या होतात आणि धातू चिवट बनतो. मॅग्नेशियम स्वतः संक्रमणी धातू नाही. मँगॅनीज गंधकाला बांधून ठेवते. ते नसेल तर लोहाचे सल्फाइड कणांच्या सीमांवर साचून ओतीव ठिसूळ होते. तांब्याने एसजी आयर्नची ताकद वाढते. भंगारातून क्रोमियम जास्त आले तर कार्बनची कठीण कार्बाइडे बनतात, पातळ भाग काचेसारखा कडक होतो आणि लेथवाला ‘जॉब हार्ड आलाय’ म्हणून माल परत पाठवतो. म्हणून हिट (भट्टीत वितळवलेला एका वेळचा रस) ओतण्यापूर्वी नमुन्याची नाण्याएवढी चकती स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे घटकांचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतात. लेथवर धातू कापणाऱ्या हत्यारांच्या टिपाही (टोकेही) याच कुळातल्या : टंगस्टन कार्बाइडचे कण आणि त्यांना धरून ठेवणारे कोबाल्ट. टंगस्टन स्वतः वितळते ३,४२२ अंश सेल्सिअसला.

हत्तरगी येथील वसाहतीत विमानांचे भाग बनतात. विमानउद्योगात टायटॅनियमला मोल आहे ते त्याच्या हलकेपणामुळे आणि न गंजण्यामुळे. तेच टायटॅनियम हाड जोडणाऱ्या प्लेटांत वापरतात, आणि त्याचा डायऑक्साइड भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो.

स्वयंपाकघरात तांब्या-पितळेची जागा स्टीलने घेतली, त्याला कारण क्रोमियम. स्टीलमध्ये ते किमान १०.५ टक्के असले की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा तयार होतो. पितळी भांड्यात ताक कळकते, स्टीलमध्ये कळकत नाही. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेल्या स्टीलला लोहचुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून पाहण्याची पद्धत आहे. ती फारशी भरवशाची नाही : निकेल कमी करून मँगॅनीज घातलेले स्वस्त स्टीलही चुंबकाला दाद देत नाही.

शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते, त्यातले बहुतेक रक्तातील हीमोग्लोबिनमध्ये. जीवनसत्त्व बी-१२ च्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. वनस्पती तूप करताना उत्प्रेरक म्हणून निकेल वापरतात.

सीमाभागाच्या पश्चिमेकडील जांभा आणि खानापूरची कौले लाल दिसतात ती लोहाच्या ऑक्साइडमुळे. बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात (जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘इंडाल’) बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढतात. ॲल्युमिनियम संक्रमणी धातू नाही, पण मागे उरणाऱ्या लाल चिखलात लोहाचा आणि टायटॅनियमचा ऑक्साइड असतो. फाउंड्र्यांना मात्र तो उपयोगाचा नाही : त्यात सोड्याचा क्षार आणि ओल असते, कण अतिशय बारीक असतात, आणि त्यातून लोह वेगळे काढण्याचा खर्च परवडत नाही. शहराच्या भट्ट्या भंगार आणि कच्चे लोखंड विकत घेऊन चालतात. लाल चिखलाचा काही भाग सिमेंट कारखाने लोहाचा पुरवठा म्हणून उचलतात.