सार्थ अंक

सार्थ अंक म्हणजे मोजमापातले खात्रीचे सगळे अंक आणि त्यांच्या शेवटी अंदाजाने घेतलेला एक अंक. अकरावीच्या फिजिक्समध्ये सिग्निफिकंट फिगर्स म्हणून हे अगदी सुरुवातीलाच येतं, आणि बहुतेक मुलं नियम पाठ करून पुढे सरकतात, पण खरं तर आपण किती बारकाईने मोजलं हे समोरच्याला प्रामाणिकपणे सांगायची ही पद्धत आहे.

एक ए-फोर कागद घ्या आणि साध्या फूटपट्टीने मोजा. लांबी २९.७ सेंमी, रुंदी २१.० सेंमी. त्या २१.० मधलं शून्य बरेच जण गाळतात, एकवीसच तर आहे ना म्हणून, पण ते शून्य सांगतं की मिलिमीटरपर्यंत बघितलं आणि वर काही उरलं नाही. नुसतं २१ लिहिलं तर वाचणारा धरून चालणार की रुंदी साडेवीस ते साडेएकवीसच्या मध्ये कुठेतरी आहे. क्षेत्रफळ कॅल्क्युलेटरवर ६२३.७ येतं, गुणाकारात (भागाकारातही) सगळ्यात कमी सार्थ अंक ज्याचे तेवढेच उत्तरात ठेवायचे, म्हणून ६२४ चौ. सेंमी. २१ घेतलं असतं तर ६२० वर थांबावं लागलं असतं. एका शून्याचा एवढा फरक.

शून्यांचाच जास्त घोळ होतो. ४००५ मध्ये चार सार्थ अंक, ०.००४५ मध्ये दोनच, कारण सुरुवातीची शून्यं फक्त जागा दाखवतात. ४५०० मध्ये किती ते नुसतं बघून कळत नाही, म्हणून ४.५० गुणिले दहाचा तिसरा घात असं लिहायचं, म्हणजे तीन आहेत हे स्पष्ट होतं. एव्हरेस्टची उंची १८५६ साली २९,००२ फूट अशी जाहीर झाली, आणि असं सांगतात की हिशोब बरोब्बर २९,००० आला होता, लोकांना तो ढोबळ आकडा वाटू नये म्हणून वर दोन फूट घातले. गोष्ट खरी असो नसो, अडचण मात्र शंभर टक्के खरी आहे.

बेरीज-वजाबाकीत मात्र सार्थ अंक नाही, दशांश स्थळं बघायची. किलोपर्यंतच वजन केलेल्या २५ किलो तांदळात ३ ग्रॅम केशर घातलं तर एकूण २५.००३ किलो लिहिण्यात काही अर्थ नाही, २५ च. वजाबाकी तर जास्तच फसवी. रिकामं बीकर ५२.४६ ग्रॅम, पावडर टाकल्यावर ५२.५१, दोन्हीकडे चार-चार अंक, पण पावडर ०.०५ ग्रॅम, हातात उरला एकच सार्थ अंक! प्रॅक्टिकलला हे हमखास नडतं.

एक-एक करून मोजलेली माणसं किंवा व्याख्येनेच ठरलेले आकडे, जसं १ इंच म्हणजे २.५४ सेंमी, यांना ही मर्यादा नाही, ते अचूकच धरायचे. राउंड ऑफ शेवटी एकदाच करा, मधल्या पायऱ्यांत एक-दोन अंक जास्तीचे राहू द्या, नाहीतर चूक साठत जाते.

आणि पाय (π) म्हणून २२/७ घेताना जपून. ते ३.१४२८५… येतं, खरा पाय ३.१४१५९…, म्हणजे तीन अंकांपर्यंत ठीक. व्यास व्हर्नियरने (फूटपट्टीपेक्षा बारीक मोजणाऱ्या उपकरणाने) १२.३४ सेंमी असा चार अंकांत मोजला असेल तर २२/७ वापरून परीघ ३८.७८ येतो, खरा ३८.७७, तेव्हा अशा वेळी ३.१४१६ घ्या.