प्लसच्या पुढे दिसते ती खरी कमांड

मे महिन्यात नागपुरात काहीही बिघडलं की लोक उन्हावर ढकलून मोकळे होतात. परवा भाचा म्हणाला, "मामा, गर्मीनं येडा झाला हा लॅपटॉप, फोल्डर समोर दिसून राहिलं अन् हा म्हणते फोल्डरच नाही." आता जास्त तापलं की प्रोसेसर स्वतःचा स्पीड कमी करतो हे खरं, पण दरवेळी त्याच ओळीवर तीच चूक गर्मी करत नाही, आणि मॉनिटरला लिंबू-मिरची बांधून ती जातही नाही. आपण मशीनला नेमकं काय सांगितलं ते बघावं लागतं.

फोटोंचा बॅकअप घेणारी त्याची बॅश स्क्रिप्ट होती, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांड लिहिलेली फाइल. मी सुरुवातीला एकच ओळ टाकली, सेट, स्पेस, मायनस एक्स. मग प्रत्येक कमांड चालायच्या आधी प्लसचं चिन्ह लावून पडद्यावर उमटायला लागली. यालाच ट्रेस म्हणतात.

गंमत अशी आहे की शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारं बॅशसारखं सॉफ्टवेअर, आपली ओळ जशीच्या तशी चालवतच नाही! आधी डॉलरवाल्या व्हेरिएबलच्या (व्हॅल्यू साठवलेल्या नावाच्या) जागी त्याची व्हॅल्यू बसवतं, ती कोट्समध्ये नसेल तर स्पेस दिसेल तिथं तिचे तुकडे पाडतं, मग स्टारच्या जागी फाइलींची नावं भरतं, आणि हे सगळं झाल्यावर जे उरतं ते प्रोग्रॅमच्या हातात देतं. ट्रेस दाखवतो तो हा उरलेला माल, आपण टाइप केलेला नाही. भाच्याच्या व्हेरिएबलमध्ये फोल्डरचं नाव होतं 'अंबाझरी फोटो', आणि ट्रेसमध्ये अंबाझरी वेगळं, फोटो वेगळं, म्हणजे कॉपीची कमांड बिचारी दोन वेगळ्या गोष्टी शोधत होती. व्हेरिएबलला डबल कोट्स लावले तसं ट्रेसमध्ये पूर्ण नाव सिंगल कोट्सच्या आत एकत्र आलं आणि बॅकअप झाला.

कमांडच्या पोटात दुसरी कमांड असेल तर प्लस दोन होतात. आणि हे सगळं एररच्या वाटेनं बाहेर पडतं, म्हणून खऱ्या आउटपुटमध्ये मिसळत नाही.

याच्याही खाली उतरायचं तर लिनक्सवर एसट्रेस नावाचं टूल आहे, ते प्रोग्रॅमनं कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, केलेली प्रत्येक मागणी, म्हणजे सिस्टिम कॉल, पकडतं, एक्झेकव्हीई कॉलमध्ये तर कुठला प्रोग्रॅम कुठल्या आर्ग्युमेंट्ससकट (सोबत दिलेल्या शब्दांसकट) सुरू झाला ते कंसात मांडलेलं दिसतं, फक्त कॉलच्या आधी आणि नंतर प्रोसेस थांबवावी लागते म्हणून काम बरंच स्लो होतं.

एक सांभाळा, व्हेरिएबलमध्ये पासवर्ड असेल तर ट्रेसमध्ये तोही उघडा छापला जातो. त्या ओळीच्या आधी सेट प्लस एक्स लिहून ट्रेस बंद करा, आणि लॉग कोणाला पाठवण्याआधी एकदा स्वतः वाचा.