हरिणीची तहान

कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या कुटुंबभक्तीला बायबलमधलं स्तोत्र 42 निघालं की ‘लुलपणे’, म्हणजे तहानेनं तळमळणे, हा शब्द कानावर पडतो. एरवी तो फारसा कुणी बोलत नाही. हरिणी पाण्यासाठी लुलपते, तसा जीव देवासाठी. आपल्याला प्रवाह म्हटलं की आषाढातली दुथडी पंचगंगा दिसते. स्तोत्रातल्या त्या मुलखात मात्र पाऊस सरला की कित्येक ओढ्यांत नुसते दगडगोटे उरतात. ही तहान जिवावरची आहे. स्तोत्रकर्ता मंदिरापासून लांब, यार्देन नदी आणि हर्मोन डोंगराच्या प्रदेशात आहे. सणाला सगळ्यांबरोबर देवाच्या घरी जायचो, हे आठवून तो रडतो.

म्हणजे या ओढीमागे आधी खरोखरचं अंतर होतं. ख्रिस्तात ते मिटलं, असं आपण मानतो. मग ओढ का राहिली? मला हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. बंदिवासातून फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना प्रेषित पौल, आयुष्य ओतून झाल्यावरही, म्हणतो की मला अजून मिळालेलं नाही, मी त्याच्या मागे लागलो आहे. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी मोशेच्या चरित्रावर लिहिताना याचा उलगडा करतो: देवाला अंत नाही, म्हणून त्याला पाहण्याची इच्छाही भागत नाही, आणि ती न भागणं हेच त्याला पाहणं. देवात विसावेपर्यंत आमचं हृदय अस्वस्थ असतं, असं म्हणणारा संत ऑगस्टीनही त्याच शतकातला. पुढे 17व्या शतकात पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबता राबता देवाशी बोलत राहिले.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये आले. वाइल्डर मेमोरियल चर्चला त्यांचंच नाव आहे. मिशनने शाळा आणल्या, उपदेश आणला. भेटीची आस सांगणारी मराठी मात्र वारीच्या वाटेवर केव्हाचीच घडलेली होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या अभंगांमुळे ही आस ख्रिस्ती मंडळीत आपल्या बोलीत गायली जाऊ लागली.

आमच्या मंडळीतल्या एक आजी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात धरतात, पण उघडत नाहीत. मोतीबिंदूमुळे दिसत नाही आणि गीतं पाठच आहेत. पदर डोक्यावर ओढून त्या प्रार्थना करतात. ऐंशी ओलांडली, तरी पहिलं वाक्य तेच असतं: “बापा, आज भेट.”