खंड पडला की गिऱ्हाईक तुटतं? नाही!

घरी शेंगा चटणी, कडक भाकरी करून विकणाऱ्या सोलापुरातल्या बायकांच्या मनात एक भीती पक्की बसलेली असते: रोज व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकलं नाही तर धंदा बसतो. म्हणून बाळंतपणात, सासूबाईंच्या आजारपणातही रात्री जागून फोटो टाकणं चालूच. हा समज चुकीचा आहे. स्टेटस 24 तासांत आपोआप जातंच. गिऱ्हाईक दुरावतं ते विचारलेल्याला उत्तर न मिळाल्यानं, किंवा 'हो' म्हणून माल वेळेवर न दिल्यानं.

हात कमी पडणार हे दिसलं की आधी कॅटलॉग छाटा. बारा पदार्थांऐवजी टिकणारे दोनच ठेवा. चटणी आणि कडक भाकरी आधी करून ठेवता येतात, पुरणपोळी नाही. मग व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अवे मेसेज, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, लावा: ऑर्डर कोणत्या वारी घेणार, माल कधी मिळणार, किमान किती घ्यावा लागेल. फोनचं इंटरनेट बंद असेल तर हा मेसेज जातच नाही. नेमकं इथंच चुकतं. गूगलवर दुकानाची नोंद असेल तर तिथल्या वेळाही बदला.

परत सुरू करताना व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट वापरा, म्हणजे एकच निरोप एका वेळी अनेकांना वेगवेगळा जातो. एका यादीत 256 जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक डब्यावर 'नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी चिकटवा, आणि ती सवय खंड पडायच्या आधीपासूनच लावा. परत सुरुवात करायला जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापुरातली सिद्धेश्वरांची यात्रा, सोयीची. घरोघरी पाहुणे असतात, जाताना चटणी बांधून द्यायचीच असते.